कुर्ली: उजेडाकडे चालणाऱ्या चारपायी यंत्राच्या नोंदी

१४ एप्रिल २०२४, फोंडा (गोवा)

आज रविवार. टेबल रिकामं केलं. दोन मोटरी, चार पाय, एक चिप, आणि उजेड दिसेल तिकडे चालत जाणं, एवढंच करायचं आहे. मायक्रोकंट्रोलर (चिपवरचा छोटा संगणक) नाही, प्रोग्रॅम नाही. रोबोटतज्ज्ञ मार्क टिल्डन यांनी रूढ केलेल्या ‘बीम’ पद्धतीचं हे काम. यात दोन इन्व्हर्टर (घरातले विजेचे नव्हेत, तर इनपुट उलटा करून आउटपुटला देणारे चिपमधले भाग) एकमेकांना कॅपॅसिटरने जोडतात, ते आळीपाळीने चालू-बंद होत राहतात आणि त्या ठेक्यावर पाय हलतात. या ठोक्याच्या सर्किटला ‘बायकोर’ म्हणतात. प्रकाशाकडे जाणारी यंत्रं त्याहूनही जुनी आहेत. मेंदूचे अभ्यासक ग्रे वॉल्टर यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला १९४८-४९ मध्येच तशी दोन ‘कासवं’ केली होती, पण ती चाकांची. मला पाय हवेत.

हे लिहून ठेवतोय ते दुसरं कोणी करायला बसलं तर माझ्या चुका त्याने पुन्हा करू नयेत म्हणून. खर्च शेवटी देतो.

२० एप्रिल

७४एचसी२४० ही चिप आणली, ४० रुपये. आत आठ इन्व्हर्टर. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायच्या बोर्डावर) ०.२२ मायक्रोफॅरडचे दोन कॅपॅसिटर आणि प्रत्येक इनपुटवरून ग्राउंडला ४.७ मेगचा (मेगओहमचा) एकेक रेझिस्टर लावला. मोटरीच्या जागी तूर्त दोन एलईडी.

दोन तास काहीच पेटेना. चिपचे पाय (पिन) १ आणि १९ हे ‘इनेबल’, म्हणजे आउटपुट चालू करणारे आहेत, ते ग्राउंडला जोडायचेच असतात. मी मोकळे सोडले होते. जोडल्यावर एलईडी लुकलुकल्या, पण बोट जवळ नेलं की वेग बदले. न वापरलेले इनपुटही मोकळेच होते, तेही ग्राउंडला बांधले. मग ठोका स्थिर झाला. हिशेब सोपा आहे: ०.७ × रेझिस्टर × कॅपॅसिटर. म्हणजे एका बाजूला साधारण ०.७ सेकंद. घड्याळ लावून पाहिलं, तेवढाच येतो.

बोट नेल्यावर वेग बदलला ही गोष्ट मी ‘झालं गेलं’ म्हणून सोडून दिली. जूनमध्ये हीच नडली.

२७ एप्रिल

छोटे एसजी९० सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणाऱ्या गिअरच्या मोटरी) दोन घेतले, २६० रुपये. झाकण उघडून आतला बोर्ड काढला आणि मोटरीला थेट वायरी लावल्या. २४०च्या आउटपुटवर मोटर नुसती गुणगुणली. या चिपच्या एका पायातून ३५ मिलिअँपिअर ही कमाल मर्यादा. अडलेल्या मोटरीला त्याच्या कितीतरी पट लागतात. एकावर एक दोन चिपा चढवून पाय सोल्डर करतात असं वाचलं होतं. तसं केलं. पाच मिनिटांत वरच्या चिपेवर बोट ठेववेना, दहाव्या मिनिटाला दोन्ही गेल्या. ८० रुपये.

४ मे

मोटरीला पुरेसा प्रवाह देणारं डीआरव्ही८८३३चं मोटर ड्रायव्हर बोर्ड मागवलं होतं, ते कुरिअरने आठव्या दिवशी आलं. बायकोरचे दोन आउटपुट याच्या दोन इनपुटला द्यायचे, बस. एल२९३डी ही दुसरी ड्रायव्हर चिप घरात पडून होती, पण ती स्वतःच दीड-दोन व्होल्ट खाते. चार रिचार्जेबल सेलच्या ४.८ व्होल्टमध्ये ते परवडत नाही.

बोर्ड जोडलं, मोटर ढिम्म. ‘ईईपी’ लिहिलेला पाय प्लसला जोडला नाही तर माझं बोर्ड झोपूनच राहतं. हे कळायला एक संध्याकाळ गेली.

जागं झाल्यावर सर्व्होचा दांडा गर्रकन फिरला, शेवटच्या अडणीवर आदळला आणि कट्‌ कट्‌ करत प्लास्टिकच्या गिअरचे दात गेले. आधी हिशेब करायला हवा होता. हा सर्व्हो ६० अंश एक दशांश सेकंदात फिरतो. त्याला ०.७ सेकंद दिले तर पूर्ण चक्करपेक्षाही जास्त फिरणार! ठोका जलद करून चालला असता, पण मला सावकाश पाय टाकणारं जनावर हवं होतं.

१२ मे

एन२० जातीच्या धातूच्या गिअरच्या मोटरी, ६ व्होल्टला मिनिटाला १५ फेरे. एक ३२० रुपयांना, दोन घेतल्या. ४.८ व्होल्टवर १२ फेरे धरले तर सेकंदाला ७२ अंश, ०.७ सेकंदात ५० अंश. चालीला हे अगदी बेताचं आहे.

सर्व्होसाठी घातलेले दोन आठवडे वाया.

१९ मे

सांगाडा म्हणून शाळेची १५ सेंटिमीटरची प्लास्टिक पट्टी घेतली. पुढची मोटर जवळजवळ उभी, दांडा खाली आणि किंचित पुढे कललेला. मागची आडवी, दांडा मागच्या दिशेने. दोन्ही केबल टायने आवळल्या आणि वर ग्लू गन मारली. पुढच्या दांड्यावर एकच लांब सळी आडवी, दोन्ही टोकं खाली वाकवलेली, म्हणजे एक पाय पुढे गेला की दुसरा मागे येतो. मागची सळी अंग पिळून धड एका कुशीवर कलवते, आणि पुढचा एक पाय उचलला जातो.

सळीसाठी मोडक्या छत्र्या घेतल्या. गोव्यातल्या घरात त्यांना तोटा नाही. पण छत्रीची काडी पन्हळीसारखी असते, वाकवली की तिथेच मोडते. सोल्डरही धरत नाही. तीन काड्या मोडल्यावर हार्डवेअरच्या दुकानातून पितळी वेल्डिंग रॉड आणले. ते पकडीने सुरेख वाकतात.

रॉड दांड्यावर बसवायला कपलिंग विकत मिळतं, पण मी वायरिंगची १५ अँपिअरची कनेक्टर पट्टी घेतली, ३० रुपये. प्लास्टिक सोलून काढलं की आत दोन स्क्रूचा पितळी नळकांडा निघतो. तीन मिलिमीटरचा दांडा त्यात चपखल बसतो, आणि रॉड वरून आडवा सोल्डर करता येतो. या कामात मला सुचलेली हीच एक गोष्ट अशी की जी पहिल्या फटक्यात जमली.

२६ मे

दुसरा बायकोर जोडला. पहिल्याच्या दोन आउटपुटवरून दुसऱ्याच्या दोन इनपुटला रेझिस्टर दिले की दुसरा पहिल्याच्या मागून चालतो. पाय आधी उचलायचा आणि मग पुढे न्यायचा, तर दोघांत पाव फेरीचं अंतर हवं. म्हणून हे रेझिस्टर मुख्य रेझिस्टरच्या निम्मे, २.२ मेग. सगळं झिरो बोर्डवर (भोकं असलेल्या साध्या बोर्डावर) सोल्डर केलं. डब्यातली पिवळी सोल्डर पेस्ट सढळ हाताने लावली.

रात्री साडेदहाला जमिनीवर सोडलं. चाललं! मागे मागे चाललं, पण चाललं. एका मोटरीच्या वायरी अदलाबदल केल्या तेव्हा पुढे यायला लागलं. भाचा सुट्टीला आला होता, तो म्हणाला, “मामा, ही तर कुर्ली.” तिरकी चालते म्हणून. आमच्याकडे खेकड्याला कुर्ली म्हणतात. नाव तेच राहिलं.

गुळगुळीत लादीवर पितळ सटकतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे पायांना बांधल्यावर दोन फुटांची लादी अर्ध्या मिनिटात ओलांडते.

२ जून

दहा मिनिटं सलग चालवली. पुढचे पाय हळूहळू एका बाजूला सरकत गेले आणि शेवटी दोन्ही पोटाखाली दुमडून बसले. ठोक्याच्या दोन बाजू अगदी सारख्या कधीच नसतात. मोटरीला आपण कुठे आहोत हे माहीत नाही. दर पावलाला एखाद-दुसरा अंश चुकला तरी शंभर पावलांत पाय भलतीकडे. रबर लावून मध्ये ओढून पाहिलं, पण या गिअरना रबराची काही पर्वा नाही.

उपाय जुनाच: दोन्ही टोकांना लिव्हरचे छोटे मायक्रोस्विच, मध्यापासून ३५ अंशांवर. पाय टोकाला आला की स्विच दाबला जाऊन मोटरीचा प्रवाह तुटतो. स्विचला समांतर एक डायोड, म्हणजे परतीच्या दिशेला प्रवाह मोकळा. चार स्विच, चार डायोड, १०० रुपये. एक डायोड उलटा लागला होता. पाय टोकाला जाऊन तिथेच उभा राहिला, परत येईना. पंधरा मिनिटांत सापडला.

आता पाऊण तास चालते. मी खूश.

९ जून

पाऊस लागला. काल संध्याकाळी कुर्लीला काय झालं कळेना. पाय भराभर हलवते, पावलं अगदी लहान, आणि लंगडत एकाच जागी गोल फिरते. ठोका मोजला: एका बाजूला ०.२५ सेकंद, दुसऱ्या बाजूला ०.४.

सेल बदलले. तेच.

१६ जून

या आठवड्यात केलेली फुकटची कामं: मोटरींच्या टोकांवर १०४ नंबरचे कॅपॅसिटर लावले (बरंच केलं, पण रोग तो नव्हता). चिप बदलली. ड्रायव्हरच्या वायरी लांब नेल्या. शेवटी बायकोरचा एक कॅपॅसिटर काढून नवा लावला, आणि कुर्ली एकदम शहाण्यासारखी चालायला लागली. कॅपॅसिटर खराब होता असं मानून झोपलो. सकाळी पुन्हा फडफड.

मीठ आणायला स्वयंपाकघरात गेलो तर बरणीत पाणी सुटलेलं. तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला.

२३ जून

भाच्याने फोनवर विचारलं, “दुपारी कशी चालते गं ती?” (कुर्लीबद्दल मला विचारताना तो तिच्याशीच बोलतो.) मी म्हटलं, दुपारी बरी, संध्याकाळी बिघडते. बोलता बोलता थांबलो. दुपारी ती खिडकीत, पंख्याखाली असते. आणि कॅपॅसिटर बदलला तेव्हा सोल्डरिंग आयर्नने बोर्ड तापलं होतं.

चिप सॉकेटमधून काढली, रेझिस्टरचं एक टोक उचललं, आणि इनपुट ते ग्राउंड मीटर लावला. तिथे काहीच दिसायला नको. २.५ मेग दिसले. हेअर ड्रायर पाच मिनिटं मारला तर आकडा चढत चढत मीटरच्या पल्ल्याबाहेर गेला. तासाभराने पुन्हा खाली.

पेस्ट! डब्यातली ती पिवळी पेस्ट मी पुसलीच नव्हती. कोरड्या हवेत ती गप्प असते. पावसाळी हवेत ओल धरते आणि दोन टाक्यांमध्ये वाहायला लागते. ४.७ मेगला समांतर २.५ मेग म्हणजे १.६ मेग, आणि त्याला ०.७ ने आणि ०.२२ ने गुणलं की बरोबर पाव सेकंद. दोन्ही बाजूंना पेस्ट सारखी नव्हती, म्हणून लंगडी. मी नवीन चिप घालत होतो, आणि रोग चिपेच्या पायाखाली होता.

दोन आठवडे गेले.

३० जून

दुरुस्ती तीन भागांत.

बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुन्या टूथब्रशने घासलं, तीन वेळा, दर वेळी नवीन अल्कोहोल. पहिल्या धुण्यात पेस्ट नुसती पसरते, म्हणून एकदा धुऊन भागत नाही. मग ड्रायरने खडखडीत वाळवलं.

दुसरं, रेझिस्टरच लहान केले. १ मेग आणि १ मायक्रोफॅरड, ठोका पुन्हा ०.७. गळतीची शंका असेल तिथे ४.७ मेग लावायचेच कशाला? मागच्या बायकोरला ४७० के (किलोओहम). कॅपॅसिटर बिनध्रुवाचे घ्यावे लागतात. इलेक्ट्रोलिटिक चालत नाहीत, कारण यांच्यावरचं व्होल्टेज उलटसुलट होतं.

तिसरं, वर नेलपॉलिश. बिनरंगी बाटली सौ.च्या टेबलावरून घेतली. “अहो, यंत्राला नटवताय की काय?” एवढं ऐकून घेतलं. सॉकेटच्या भोकांत आणि स्विचच्या टोकांत जाऊ द्यायचं नाही, बाकी दोन हात बिनधास्त मारायचे.

सहा दिवस मुसळधार पाऊस झाला. ठोका ०.७. खिडकी उघडी ठेवून पाहिलं, ०.७.

१४ जुलै

आता डोळे. दोन एलडीआर, म्हणजे उजेड पडला की रेझिस्टन्स कमी होणारे. मी सरळ प्रत्येक १ मेगला एकेक सिरीजमध्ये लावला. उजेडाची बाजू लवकर संपेल असा विचार. कुर्लीला टॉर्च दाखवला, बाजूने दाखवला, तोंडावर धरला. तिला काही नाही. मग मीटरने मोजलं: खोलीत ३ के, पंजाच्या सावलीत ४० के. १००० केच्या रेझिस्टरमध्ये ४० केची भर कोण विचारतो?

२१ जुलै

दोन्ही एलडीआर एकावर एक, प्लस ते ग्राउंड. डावा वर, उजवा खाली. मधल्या बिंदूचं व्होल्टेज कुठल्या बाजूला उजेड जास्त ते सांगतं, आणि एकूण उजेड किती यावर ते फारसं अवलंबून नसतं. ऊन असो वा दिवा, फरक तेवढा पोचतो. हा मधला बिंदू एका रेझिस्टरमधून पुढच्या बायकोरच्या एकाच इनपुटला दिला.

१ मेग लावला तेव्हा खोलीत झकास वळली. अंगणात एका डोळ्यावर ऊन आणि दुसऱ्यावर तुळशीची सावली आली आणि ठोकाच थांबला. एवढा जोर लावला की इनपुट निम्म्या व्होल्टेजच्या खाली उतरतच नाही. ३.३ मेगने अडायची थांबली, पण आळशी झाली. २.२ मेग जमला. आता त्या बाजूचा ठोका उजेडाप्रमाणे अर्ध्या सेकंदापासून पाऊण सेकंदाच्या जरा वर जातो. दुसऱ्या बाजूला १ मेगच्या जागी ८२० के आणि २२० केचा प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर), समोरून सारखा उजेड असताना दोन्ही बाजू जुळवायला.

डोळे अर्थातच उलट लागले होते. दिव्याकडे पाठ करून कपाटाखाली गेली. वायरी बदलल्या.

११ ऑगस्ट

सरळ रेषेत जात नाही. एका बाजूचा ठोका किंचितही मोठा असला की पुढचे पाय त्या टोकाच्या स्विचला टेकेपर्यंत सरकतात, आणि मग ती तिकडे वळत राहते, उजेड दुसऱ्या डोळ्यावर येईपर्यंत. मग उलट. म्हणजे नागमोडी. प्रीसेटशी दोन रविवार झगडलो, शेवटी सोडून दिलं. पोचते ना? पोचते.

ओल्या व्हरांड्यात मात्र फसते. लादीवर पाणी असलं की आकाश खाली चमकतं आणि ती डबक्याकडे निघते. एलडीआरवर काळ्या स्ट्रॉचे दीड सेंटिमीटरचे तुकडे बसवले, बैलाच्या झापडांसारखे, जरा वर आणि बाहेर रोखलेले. बराच फरक पडला. तुकडे दोन सेंटिमीटरचे केले तर पुन्हा आंधळी.

७ सप्टेंबर, चवथ

रात्री आरतीनंतर वीज गेली. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या मांडवीखाली) फक्त समई. भाच्याने कुर्ली दाराजवळ ठेवली. खोलीच्या दाराशी समईचा उजेड तिला पुरेना, जागच्या जागी डावं-उजवं करत राहिली. त्याने उचलून चार फुटांवर आणली, तेव्हा लागली चालायला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. सगळे बसल्या जागेवरून पाहत होते. आई म्हणाली, “नमस्काराला आली.” शेवटच्या फुटावर सौ.ने समई उचलली, तेल सांडेल म्हणून. आणि कुर्ली तिच्या मागून वळली.

तेवढ्यात पुढचा डावा पाय सांध्यातून निखळून पडला.

१५ सप्टेंबर

तो सांधा आतापर्यंत तीनदा सुटला आहे. नळकांड्यावर रॉड नुसता सोल्डरने धरवला होता. दर पावलाला हिसका बसतो आणि सोल्डरला बारीक चीर जाते. भिंगाखाली चीर स्पष्ट दिसते, राखाडी कड आणि मध्ये काळी रेघ. आता आधी बारीक तांब्याच्या तारेचे सहा-सात वेढे आवळले, मग त्यावर सोल्डर वाहू दिलं. पेस्ट लावलीच, पण सांधा बोर्डापासून दूर, आणि नंतर घासून धुतला. आठवडाभर रोज अर्धा तास चालवून बघणार.

खर्च: एकूण २,४०० रुपये. त्यात मोटरी ६४०, चार ट्रिपल-ए रिचार्जेबल सेल आणि डबी ५२०, कुरिअर १६०, अल्कोहोल १२०. पाण्यात गेले ते ३४०, दोन सर्व्हो आणि दोन चिपा. चार्जर घरात होता. एका चार्जवर तीन तास चालते. वेळ पाच महिन्यांचे रविवार, त्यातला निम्मा जून.

भाच्याला दुसरी हवी आहे, उजेडापासून पळणारी. तिला वेगळं काही लागत नाही, २१ जुलैला मी डोळ्यांच्या वायरी चुकून लावल्या होत्या तशाच लावायच्या.